मुठीतला बोल्ट

तुमच्या गाडीचं ऑइल बदललं जात असतं, तेव्हा तुम्ही कुठे असता? काचेआडच्या गार खोलीत, मोबाइलमध्ये मान घालून? आणि त्या वेळी गाडीच्या पोटाखाली कोण असतं, त्याचा चेहरा तुम्हाला आठवतो का?

हा प्रश्न मी आधी फार रागाने विचारत असे. राग अजून आहे, पण त्याची दिशा बदलली आहे. ती कशी बदलली ते सांगते.

माझे बाबा ट्रक चालवतात. स्वतःचा, एकच, सहा चाकी, डिझेलचा. मोताळ्याकडचा मका आणि सरकी मलकापूर-खामगावला न्यायची, येताना खत नाही तर सिमेंट आणायचं. राजूर घाटात समोरून एसटी आली की बाबा ट्रक असा हळूच कडेला घेतात, जणू घरातल्या थकलेल्या माणसाला हात धरून बाजूला बसवताहेत. आमचं घर त्या ट्रकवर चालतं. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. बाबा ड्रायव्हरांच्या संघटनेत होते, आई अंगणवाडीत मदतनीस. दोघांच्याही मोर्चांची पत्रकं घरी यायची, गुलाबी, पिवळी, शाई बोटांना लागणारी. आई ती डब्यांखाली अंथरायची. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली, म्हणून अजूनही काही लिहायला बसले की हात आधी ‘सावधान!’ असंच लिहितो.

आमच्या ट्रकला बाबांखेरीज एकाच माणसाचा हात लागायचा. धामणगाव बढ्याला चिंचेखाली ज्यांचं गॅरेज होतं, ते मिस्त्री. बाबा त्यांना मिस्त्रीभाई म्हणत, मी चाचा. इंजिनकाम त्यांनीच केलेलं. ऑइल बदलायचं असलं की बाबा दुपारी रिकामी गाडी घेऊन तिथे जात आणि लहानपणी मी हट्टाने सोबत जाई.

चाचांची एक रीत होती. इंजिनाच्या तळाशी ऑइलचं चेंबर असतं आणि त्याच्या बुडाला एक जाड बोल्ट. तो काढला की जुनं ऑइल खाली पडतं. चाचा गाडीखाली उताणे सरकत, बोल्ट काढत, डिझेलमध्ये खळबळून घेत आणि पडल्या पडल्याच हात बाहेर काढून तो बोल्ट बाबांच्या तळहातावर ठेवत. खिशात नाही, डबीत नाही, जमिनीवर तर नाहीच. बाबा मूठ मिटत. मग काळं ऑइल आधी धारेने, मग थेंबाथेंबाने पत्र्याच्या डब्यात पडत राही. तोवर चहा होई. शेजारपाजारचे लोक डबडी घेऊन येत, कारण ते जळकं ऑइल दाराच्या चौकटीला लावलं की वाळवी लागत नाही. बाबा डाव्या हाताने कप धरत, उजवी मूठ मिटलेलीच. ऑइल पुरतं गळालं की गाडीखालून आवाज यायचा, “आणा वस्ताद!” मगच बाबा मूठ उघडायचे.

“हे काऊन असं?” मी एकदा चाचांना विचारलं होतं.

“अगं, म्या खिशात ठेवला तं मी विसरू शकतो. माह्याकडं दिवसभर धा गाड्या येते. तुह्या बापाकडं एकच गाडी हाये. तो विसरन का?”

मला मात्र बाबांनी वेगळंच सांगितलं होतं. गाडी झोपली आहे, आणि हा बोल्ट परत दिल्याशिवाय ती उठणार नाही. मी त्यांच्या मुठीची बोटं एकेक करून उघडायचा प्रयत्न करी, आणि ते ती पुन्हा मिटून घेत. तेवढीच दुपार बाबा कुठे न जाता बसलेले दिसत. त्यामुळे ऑइल बदलणं हा माझ्यासाठी सणच होता.

मग चाचांचे गुडघे गेले. बसता येईना, बसलं तर उठता येईना. गाडीखाली सरकणं तर बंदच झालं. त्यांनी पाने-हातोड्या एका पेटीत भरल्या आणि चिंचेखाली आता नुसती खाट टाकली.

बाबांनी त्यानंतर ऑइल बदलायचं टाळायला सुरुवात केली. आज जातो, ही खेप झाली की जातो. मोताळ्यात एका गॅरेजवाल्याने मागे दुसऱ्या कुणाच्या गाडीचा बोल्ट इतका आवळला होता की आटे गेले, म्हणून तिथे नाही. कंपनीचं वर्कशॉप लांब, गाडी तिथे दिवस दिवस उभी राहते, म्हणून तिथेही नाही. ऑइलची पट्टी काढून ते बोटावर थेंब घेत, अंगठ्याने चोळत आणि पुसून टाकत. शेवटी एका सकाळी त्यांनी गाडी दारात लावली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली.

“खराब ऑइलवर चालवून इंजिन मारण्यापरीस इकून टाकू,” ते आईला म्हणाले. “जिच्या पोटात कोण हात घालते हे मले माहीत नाही, ती गाडी म्या घाटात न्यायची कशी?”

आई म्हणाली, “इकून मंग करसाल काय?”

बाबा ताडपत्रीची दोरी बांधत राहिले. ट्रकशिवायचे बाबा कसे दिसतील, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला ते नीट पाहवलं नाही.

त्याच सुमारास मलकापूरच्या अलीकडे हायवेला एक नवं दुकान निघालं होतं. मोठी पाटी: पंधरा मिनिटांत ऑइल चेंज, कार, पिकअप, ट्रक. भिंतीवर लाल आकड्यांचं घड्याळ. गाडी आत आली की ते उलटं मोजायला लागतं. मी येता-जाता ते पाहिलं होतं आणि माझं डोकं फिरलं होतं. डिझेलच्या मोठ्या इंजिनात काजळी किती साचते! गरम ऑइल पूर्ण गळायलाच चहा प्यायचा वेळ लागतो, तो हे लोक देणार का? ट्रकला ऑइल वेगळं लागतं, ते हे घालतील की कारचंच घालतील? डिझेल फिल्टरमधलं पाणी कोण काढणार? ग्रीस कोण भरणार? मी एका रात्रीत मजकूर तयार केला. ‘ट्रकमालक बंधूंनो, सावधान! तुमचं इंजिन आणि त्यांचं घड्याळ!’ बाबांना वाचून दाखवला.

त्यांनी शांतपणे ऐकलं. “तू गेली व्हती का तेथी?”

“बाहेरून पाहिलं ना.”

“मंग बाहेरूनच लिही, का बाहेरून पाह्यलं म्हणून.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताडपत्री काढली. म्हणाले, “चाल. एकदा पाहून येऊ. नाही पटलं तं येताना गाड्यांच्या दलालाकडं थांबू.”

मी मोबाइल चार्ज करून घेतला. खरं सांगायचं तर मी पुरावा गोळा करायला निघाले होते.

दुकानात जमिनीत लांबलचक खड्डा, त्याच्यावर गाडी उभी करायची. खड्ड्यात एक माणूस उभा राहून खालचं काम करतो, वर दुसरा माणूस ऑइल भरतो. बाबांनी आधी ऑइलच्या पिंपावरचं लेबल वाचलं. डिझेलचं होतं, बरोबर होतं. माझ्या मजकुरातली एक ओळ तिथेच गेली. मग बाबा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले आणि खालच्या माणसाकडे पाहून सवयीने हात पुढे केला. तळवा वर.

खालचा माणूस चाळिशीचा असावा. तो त्या हाताकडे पाहतच राहिला. मग त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! त्याने बोल्ट काढला, कापडाने पुसला आणि बाबांच्या तळहातावर ठेवला.

“कोण्या मिस्त्रीकडचे तुम्ही?” त्याने विचारलं.

“धामणगाव बढे. चिंचेखालचे.”

“आमचं निंबाखाली व्हतं. नांदुऱ्याच्या पलीकडं,” तो म्हणाला. “आता कोठी राह्यलं, बाप्पा.”

एवढ्यात काउंटरवरची मुलगी आली. “काका, इथे थांबायचं नाही, सेफ्टीचं कारण आहे. आत बसा, चहा देते.” ती फारच गोड बोलली, त्यामुळे बाबांना नाही म्हणता आलं नाही. आम्ही काचेच्या खोलीत जाऊन बसलो. एसीची हवा होती. बाबांनी डाव्या हाताने चहा घेतला.

आता पुढचं सगळं भराभर झालं. पण कोण कुठे होतं ते आधी सांगते, कारण चूक त्यातच होती. त्या दुकानाच्या पद्धतीत बोल्ट खालच्या माणसाकडेच राहतो. ऑइल गळलं की तो स्वतःच लावतो, आणि घड्याळ अमुक आकड्यावर आलं की वरचा माणूस काही न विचारता भरायला लागतो. चाचांच्या रीतीत मात्र बोल्ट मालकाकडे आणि मिस्त्री खालून हाक मारणार. खालच्या माणसाने आज इतक्या वर्षांनी ती जुनी रीत पाळली होती. घड्याळाला ते माहीत नव्हतं.

मी काचेतून भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढत होते. सहज बाबांकडे पाहिलं. ते चहा पीत होते आणि उजवी मूठ मांडीवर मिटलेली होती, बोटांच्या फटीतून काळी रेघ आलेली.

“बाबा, हातात काय आहे?”

“बोल्ट.” ते अगदी स्वस्थ म्हणाले. “हाक मारन ना तो.”

मी बाहेर पाहिलं. वरचा माणूस ट्रकची समोरची जाळी उघडून नळीने ऑइल भरत होता. भरलं, नळी टांगली, आणि तो केबिनच्या दाराकडे निघाला. भरून झालं की चावी फिरवून बघायची, हे त्याचं काम. बोल्ट बाबांच्या मुठीत, म्हणजे वरून भरलेलं ऑइल खालच्या भोकातून वाहून जाणार, आणि कोरड्या इंजिनाला चावी मारली की आतले भाग एकमेकांना खातात. हे मला माहीत होतं, आणि बाबांना माझ्याहून जास्त.

कप खाली पडला. बाबा काचेचं दार ढकलून धावले. त्यांना तसं धावताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. “अबे थांब! चावी नको मारू! थांब!” कॉम्प्रेसरच्या आवाजात कुणाला काही ऐकू जाईना. मी त्यांच्या पुढे गेले आणि केबिनच्या पायरीवर चढलेल्या त्या माणसाचा शर्टच मागून धरला. तो दचकून खाली उतरला.

आणि तेव्हा खड्ड्यातला आवाज ऐकू आला. “आणा वस्ताद! आणा हो! आणा ना!”

आम्ही वाकून पाहिलं. खालचा माणूस दोन्ही हात वर करून उभा होता, आणि त्याने उजवा तळहात चेंबरच्या भोकावर दाबून धरला होता. त्याच्या कोपरापर्यंत ताजं, मधासारखं ऑइल ओघळत होतं, केसांत, मानेवर, शर्टात. त्याने हात काढला नव्हता. किती वेळ हाका मारत होता कोण जाणे.

बाबा खड्ड्याच्या पायऱ्या उतरले. त्यांनी मूठ उघडली. “हा घ्या,” म्हणाले. त्या माणसाने हात बाजूला घेतला तशी बाबांनीच बोल्ट भोकाला लावला आणि त्याने बोटांनी फिरवला. थोडा वेळ दोघांचे हात एकाच जागी होते, काळे-पिवळे, कुणाचा कुठला ते कळेना.

माझ्या हातात मोबाइल होता. समोर तेल सांडलेला खड्डा, मागे लाल आकडे. याहून चांगला पुरावा मला जन्मात मिळाला नसता.

मॅनेजर धावत आला. चांगल्या इस्त्रीचा तरुण मुलगा, घामाघूम. “बोल्ट कस्टमरच्या हातात कसा गेला?” त्याने खड्ड्यात पाहून विचारलं. “कुणी दिला?”

 खालचा माणूस पापणीवरचं ऑइल पुसत राहिला. त्याची नोकरी त्या प्रश्नाला लटकलेली होती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

“म्या मांगतला,” बाबा म्हणाले. “तो देत नव्हता. म्या हट्ट केला.”

बाबा खोटं बोलले. संघटनेत असताना मालकांसमोर, पोलिसांसमोर जे एक अक्षर इकडचं तिकडे करत नसत, ते माझे बाबा एका अनोळखी माणसासाठी सरळ खोटं बोलले. मग त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. “अन् तू तो मोबाइल ठेव व बाई.”

मी ठेवला.

मॅनेजर म्हणाला, “काका, तुम्हाला कळत नाही, प्रत्येक गाडीचा वेळ वर मालकाच्या स्क्रीनवर जातो. मला फोन येतो.”

“साहेब, मले घाई नाही,” बाबा म्हणाले. “ते घड्याळ बंद करा.”

“बंद होत नाही ते.”

“मंग चालू राहू द्या. पन त्याच्याकडं पाहू नका.”

यावर वरचा माणूस आधी हसला, मग मॅनेजरही कसाबसा हसला. सांडलेल्याच्या जागी नवं ऑइल भरलं गेलं. या वेळी बाबा काठावरच बसले, आणि काउंटरवरच्या मुलीने त्यांना दुसरा चहा तिथेच आणून दिला. पट्टी बाबांनी स्वतः काढून पाहिली, दोनदा. मग चावी फिरवली. इंजिनाचा आवाज ऐकताना त्यांचे डोळे मिटलेले होते. आवाज चांगला होता.

येताना दलालाचं घर वाटेत लागलं. बाबांनी गाडी हळू केली.  मग त्यांनी गिअर बदलला आणि गाडी पुढे काढली. “मिस्त्रीभाईले इचारू,” एवढंच म्हणाले.

चाचा खाटेवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. बाबांनी सगळं सांगितलं. चाचा इतके हसले की खोकला लागला. “म्हणजे वरून ऑइल अन् खालून ऑइल! गाडीले जुलाब लागले म्हणा ना, वस्ताद!”

“तुमच्याच रीतीनं लागले,” बाबा म्हणाले.

“माही रीत माह्या झाडाखाली. तुम्ही ती घेऊन एसीत गेले, मंग काय व्हईन?” चाचांनी डोळे पुसले. मग विचारलं, “त्या माणसानं बोल्ट देल्ला तवा त्याले कोणी सांगतलं व्हतं?”

“नाही. नुसता हात पाह्यला त्यानं.”

“अन् ऑइल पडाले लागलं तं हात काढला का?”

“नाही काढला.”

“मंग मले काय इचारता? गाडी त्याच्याचकडं न्या.”

मी न राहवून म्हणाले, “चाचा, पण त्याच्याच हातून ऑइल सांडलं ना!”

“त्याच्या हातानं तं राह्यलं, जेवढं राह्यलं तेवढं,” चाचा म्हणाले. “सांडलं ते त्या घड्याळानं. तू त्याच्यावर लिही, लिहायचं अशीन तं.”

 बाबांनी चाचांचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि उरलेलं तेल स्वतः चोळायला लागले.  ताडपत्री घडी होऊन माळ्यावर गेली, ती तिथेच आहे.

आता आम्ही त्या दुकानात जातो. दुकानावर माझा विश्वास बसला आहे का? नाही. ग्रीस ते भरत नाहीत. ते काम घरी अंगणात होतं, बाबा गाडीखाली आणि आई बाहेरून ग्रीसपंपाचा दांडा दाबत, “झालं का? हात भरून आला माहा!” म्हणत. डिझेल फिल्टरमधलं पाणी बाबाच काढतात. ऑइलचं लेबल दर वेळी वाचलं जातं. तुमच्याकडे डिझेलची मोठी गाडी असेल तर एवढं स्वतःकडे ठेवाच. पण ऑइल बदलायला आम्ही त्याच माणसाकडे जातो. तो सुट्टीवर असला तर परत येतो. बाबा काठावर बसतात, तो बोल्ट देतो, आणि वरच्या माणसालाही आता कळलं आहे की हाक येईपर्यंत नळीला हात लावायचा नाही. मागच्या खेपेला चाचांनाही केबिनमध्ये बसवून नेलं होतं. त्यांनी खड्ड्यात डोकावून खालच्या माणसाला चार शिव्या घातल्या, दोन त्याच्या कामाला आणि दोन त्याच्या पान्याला, आणि तो इतका खूश झाला की त्याने चाचांचा फोन नंबर मागून घेतला.

माझं ते पत्रक छापलं गेलं नाही. त्यातला शब्द न् शब्द त्या माणसाच्या डोक्यावर पडला असता, आणि घड्याळ मात्र भिंतीवर तसंच राहिलं असतं. म्हणून ‘सावधान’ खोडलं आहे आणि त्या जागी एक विनंती लिहिते आहे.

पुढच्या वेळी तुमच्या गाडीचं ऑइल बदललं जाईल, तेव्हा काचेआड जाऊन बसू नका. जवळ उभे राहा. आधी काउंटरवर सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगा, “मला घाई नाही.” मग खाली वाका, खालच्या माणसाचा चेहरा बघा, हात पुढे करा आणि बोल्ट मागून घ्या. तो हाक मारेल तोपर्यंत मूठ उघडू नका, आणि वरच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा.